इंजिनाजवळच्या सीटवरचं कोरियन

जानेफळहून चिखलीला येणाऱ्या एसटीत ती मुलगी रोज इंजिनाजवळच्या सीटवर बसायची. कानात इअरफोन आणि ओठ सारखे हलत असायचे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण एकदा न राहवून म्हटलं, "मागं जागा असून इथं काऊन बसतेस गं?"

"कोरियन भाषेची परीक्षा हाये, मॅडम. पास झाली तं तिकडं शिकायले जाईन. मागच्या वेळी ऐकण्यातच मार्क गेले. तिथं रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकता येत नाही. या खडखडाटात समजलं, तं तिथं समजनच."

पुढं कित्येक दिवस तिच्या कपाळावरची आठी काही जाईना. मग एका सकाळी ती एकटीच खळखळून हसली. कंडक्टरनंही वळून पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"या कोरियन सिरियलमधली बाई नवऱ्याले टोमणे मारून राह्यली, मॅडम. अन् मले अर्थ लावावाच नाही लागला!"