सातव्या महिन्यात झालेली जुळी पाळणाघरात कधी ठेवावी?

बायांनो, आज सुनेसंगं आर्वीले, ती कामाले जाते त्या कापसाच्या जिनिंगचं पाळणाघर पाहून आली.

नातवंडं जुळी, सातव्यातच झालेली. कापसात गुंडाळून जगवली.

मुकादम म्हणे, "सहा महिन्याची झाली ना? उद्या आणा, नाई तर सुनेची जागा दुसरीले देतो."

म्या म्हटलं, "दोन महिने पोटातले राह्यले, ते कोन मोजन?"

आत हवेत कापसाचं भुसकट, अन् कोपऱ्यातल्या लेकराले डांग्या खोकला. सून रडाले लागली.

म्हटलं, "रडू नको. तू घरी पाज. तुह्या जागी मी येतो."

माही सातव्यातली पोर मीच घाईनं वावरात नेलती. आठ दिवसांत गेली.

तुम्ही अशी लेकरं कधी बाहेर काढली? जगलेल्यांचंच नाई, मेलेल्यांचंही सांगजा.