साडूभाऊंचा कामठा

अख्ख्या जालना जिल्ह्यात प्रत्येक वस्तूकडे ‘हिला बाण लागेल का’ या एकाच नजरेने बघणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. नोकरी वनखात्यात कारकुनाची. पहिली नेमणूक सातपुड्यात झाली. इतर लोक तिथून मध नाहीतर मलेरिया घेऊन परत येतात, हे कामठा घेऊन आले. कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य. याची तर दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची होती. तिथल्या एका भिल्ल शेजाऱ्याने तो यांच्या उंचीला बेतून दिला होता आणि चालवायलाही शिकवला होता. पुढे बदल्या होत होत साडूभाऊ जाफराबादला घर बांधून स्थिरावले, पण घराची जागा निवडतानासुद्धा त्यांनी पाणी आणि रस्ता बघितला नाही, मागे मोकळं रान किती आहे तेवढं बघितलं.

त्यांना कुणी पत्ता विचारला की ते अंतर बाणांत सांगत. एसटी स्टँड विचारणाऱ्या परगावच्या माणसाला “तीन बाण सरळ जा, मंग डावीकडं वळा” असं सांगून ते निघून जायचे आणि तो बिचारा आभाळाकडे बघत उभा राहायचा. उजव्या हातात त्यांनी जन्मात पिशवी धरली नाही, खांदा बिघडतो म्हणून. बाजारातून येताना सगळं ओझं डाव्या हातात, आणि उरलेलं अक्कांच्या दोन्ही हातांत. लग्नात लोक अक्षता टाकतात, हे सोडायचे. श्वास रोखून, एक डोळा बारीक करून, नवरदेवाच्या फेट्यावर. माझ्या लग्नात त्या माझ्या डोळ्यात गेल्या. डोळा लाल करून मी जेवायला बसलो, तर शेजारी येऊन म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही मान हलवली. माझा नेम बराबर व्हता.”

पण त्यांचं खरं वेड निराळंच होतं. काम झालं की कामठ्याची दोरी उतरवलीच पाहिजे, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. “चढवून ठिवला की बांबू थकतो. त्याला वाक पडतो, मंग ओढ राहत न्हाई,” हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि हा नियम ते दिसेल त्याला लावत. कुणाच्याही घरी गेले की आधी पट्टा सैल करायचे. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा संध्याकाळी ढिली करायचे, बिचारी दिवसभर ताणलेली असते म्हणून. अक्कांची धुतलेली लुगडी या दयाबुद्धीपायी कैक वेळा मातीत गेली. अक्का पुन्हा धुवायच्या आणि म्हणायच्या, “दोरीची कीव येती या माणसाला. माझी कधी येणार?”

ती वेळ आली. अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली आणि त्या खाटेला खिळल्या. त्या दिवसापासून साडूभाऊंनी बाणाला हात लावला नाही. अक्कांना कुशीवर वळवणं, भरवणं, वेणी घालणं, सगळं ते स्वतः करायचे. वेणी मात्र शेवटपर्यंत कामठ्याच्या दोरीसारखी ताणून घालायचे, त्यामुळे अक्कांच्या भुवया कायम वर ओढलेल्या असायच्या. त्या आजारपणातल्या पहिल्या दसऱ्याला मी तिथे होतो. शस्त्रपूजेसाठी त्यांनी कामठा चढवला, हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. संध्याकाळी ते दोरी उतरवायला गेले तेव्हा अक्का जड जिभेने म्हणाल्या, “राहू द्या तसाच. उतरवला की वाटतं, माझ्यापायी तुमचं समदं बंद पडलं. चढवलेला असला म्हंजी आत्ता उठून रानात जाताल असं दिसतं.” साडूभाऊंनी हातोडी आणली. खाटेच्या समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून त्यांनी चढवलेला कामठा टांगला. पुढची सगळी वर्षं तो तसाच ताणलेला राहिला.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. त्यानंतर साडूभाऊ बोलेनासे झाले. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाहीतर नाही. मी जालन्याहून अधूनमधून जायचो, शेजारी बसायचो आणि परत यायचो. आणि दिवाळीनंतर एक दिवस अचानक त्यांचा फोन आला. “पाव्हणं, रविवारी या. कामठा काढून राह्यलो.” बायकोला सांगितलं तर ती रडायलाच लागली, आनंदाने. पण फोन ठेवायच्या आधी ते आणखी एक वाक्य बोलले होते, ते मी तिला सांगितलं नाही. “हे जमलं तर पुढचं बघू. न्हाई जमलं तर सकाळी उठायला मला काही कारण राह्यलं न्हाई.”

मागच्या रानातली सोयाबीन निघाली होती. तिचाच भुसा भरलेलं पोतं त्यांनी बांधाजवळ उभं केलं, जुन्या अंतरावर. कामठा पुसला. धोतराचा सोगा खोचला, पाय रोवले आणि दोरी ओढली. ती सरळ कानापर्यंत आली, सहज, लोण्यातून ओढल्यासारखी. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पाहतच राहिलो. “पाव्हणं, बघा. ताकद गेली न्हाई बिलकुल. जवान व्हतो तवा इतका हलका येत नव्हता,” ते म्हणाले, आणि मीही मूर्खासारखा हसलो. बाण सुटला. अर्ध्या वाटेत त्याने नाक खाली केलं आणि धसकटांत आडवा पडला. त्यांनी दुसरा सोडला. तो पहिल्याच्याही अलीकडे पडला. तिसरा त्यांनी भात्यातून काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला.

मग त्यांनी दोरी उतरवली. उतरवल्यावर कामठा सरळ व्हायला हवा होता. तो झाला नाही. दोरी असताना होता तितकाच वाकलेला राहिला. साडूभाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “भाऊ, असं होणार हे तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अक्कांना सांगायचं तरी.”

“काय सांगू? तिला वाटायचं मी जाणार हाय. मी कुठं जाणार व्हतो?”

आम्ही घरात आलो. अक्कांची खाट अजून तिथेच होती, गादी गुंडाळलेली. मी नव्या कामठ्याचा विषय काढला, सातपुड्यात माणूस धाडू म्हणालो. त्यांची नजर खाटेवरच होती. माझ्या ओळखीतला हा सगळ्यात हट्टी, सगळ्यात विनोदी माणूस माझ्यासमोर संपत होता आणि माझ्याकडे त्याला द्यायला चहासुद्धा नव्हता. एवढ्यात त्यांनी कामठ्याचं एक टोक पायाशी दाबलं, त्यावर पुन्हा दोरी चढवली आणि तो समोरच्या खिळ्याला लावला.

“आता कशाला चढवता, भाऊ?” मी विचारलं.

“उतरवा असं ती म्हणली न्हाई,” ते म्हणाले, आणि तो खाटेवरून नीट दिसावा म्हणून थोडा बाजूला सरकवला.