सासूबाईंची प्रगती शून्य टक्के

माझ्या सासूबाईंची प्रगती शून्य टक्के आहे, असं मी त्यांना लेखी कळवलं होतं. खाली त्यांच्या वरिष्ठ म्हणून माझं नाव होतं. आणि एवढं करून मी त्यांच्याच हातची भरली वांगी डब्यात घेऊन ऑफिसला गेले होते.

आधी माझी नोकरी सांगते, म्हणजे हे कसं घडलं ते कळेल. आमची कंपनी कारखान्यांना ऑनलाइन कोर्स पुरवते. कामगारांनी ते मोबाइलवर बघायचे, शेवटी थोड्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, की कोर्स पूर्ण. कोणी पूर्ण केला, कोण मध्येच अडकलंय, कोणी उघडूनसुद्धा बघितला नाही, हे सगळं एका सिस्टीमवर दिसतं आणि त्या सिस्टीमकडे दिवसभर टक लावून बसते ती मी. थोडक्यात, मोठ्या माणसांची हजेरी घेते. (माझा नवरा शिरीष लोकांना सांगतो, "ही कोणाचा अभ्यास झाला नाही ते बघते. घरीही बघते.")

त्या सुमारास चाकणच्या एका कारखान्यात आमचे नवे मराठी कोर्स सुरू झाले होते आणि तिथली माणसं ते पूर्ण करत नव्हती. सुरू करायची, निम्म्यावर यायची आणि तिथेच बसकण मारायची. स्क्रीनभर लाल पट्ट्या. आमचे साहेब जोगळेकर सर म्हणाले, "लोक आळशी आहेत हो. आठवण करून देणारे मेल कडक करा. पहिला गोड, दुसरा जरा घट्ट, तिसऱ्यात वरिष्ठांना कळवलंय असं लिहा."

मी लिहिले. तिसरा तर इतका कडक झाला की वाचताना माझीच मान खाली गेली.

आता ते मेल नीट पोचतात का, हे बघायचं होतं. सर म्हणाले, "खोटे पत्ते टाकू नका, मेल परत येतात. घरच्यांचे टाका की."

मी टाकले. सासूबाई, सासरे आणि शिरीष. कोणाला कुठला कोर्स द्यायचा ते सिस्टीमवर सोडलं. प्रत्येकाचा वरिष्ठ कोण, हे भरल्याशिवाय ती पुढे जाईना, म्हणून तिथे माझं नाव दिलं. पहिले मेल सुटल्याचं दिसलं, मी खूश झाले, चाचणी बंद केली आणि विसरून गेले. (चाचणी बंद केली असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी फक्त ती खिडकी बंद केली होती.)

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, चढवायची गरजच पडत नाही. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत एकदा 'लिफ्ट बंद राहिल' अशी नोटीस लागली होती. आईंनी 'राहिल'मधली वेलांटी दीर्घ केली आणि खाली लिहिलं, 'लिफ्ट सावकाश दुरुस्त करा, आधी हे केलं.' चेअरमन अजून आमच्या मजल्यावर जिन्याने येत नाहीत, आणि लिफ्टनेही येत नाहीत.

अशा आई एका सकाळी मला म्हणाल्या, "अनघाताई, आपल्याला चहा चालेल का?"

मी मागे वळून बघितलं. मागे फक्त फ्रीज होता.

"आई, अनघाताई काय?"

"का? बोलण्यात काही चुकलं का माझं? चुकलं असेल तर सांगा हो. आपण आहात म्हणून कळतं."

मला वाटलं, कसला तरी नेम धरला असेल. चातुर्मासात लोक काय काय सोडतात, यांनी टोमणे सोडले असतील. मी मनातल्या मनात हात जोडले आणि चहा घेतला.

त्याच आठवड्यात शिरीष ऑफिसातून वेळेवर घरी यायला लागला. लग्नानंतर प्रथमच. आला की घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि "नोंद घे" म्हणून आत जायचा. मला वाटलं, प्रेमाने बोलतोय.

सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, आणखी वेगळं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. एरवी जेवताना फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी आमटी वाढून घेता घेता म्हणाले, "अनघा, भरलेली फोर्कलिफ्ट उतारावरून खाली आणायची तर पुढून आणायची की मागून?"

"माहीत नाही, बाबा."

"मागून," ते समाधानाने म्हणाले. "माल चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. तुमच्या लोकांनी छान समजावलंय."

'तुमच्या लोकांनी' हे शब्द मी ऐकले आणि आमटीबरोबर गिळले. घरात इतकी शांतता, इतका वक्तशीरपणा, इतकी गोड भाषा. मी मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा, "अगं, आमच्या घराला कोणाची दृष्ट लागायला नको."

दृष्ट लागली नाही, नणंदेचा फोन आला. मुग्धा, शिरीषची धाकटी बहीण, पुण्याजवळ मांजरी गावात राहते. मी ऑफिसात होते.

"वहिनी, एक विचारू? तू आईला नीट बोलायचा क्लास लावलास?"

"काय लावलं?"

"तिने मेल वाचून दाखवला मला. 'सहकाऱ्यांशी सौम्य संवाद' हा अभ्यासक्रम आपण अद्याप सुरू केलेला नाही, आपली प्रगती शून्य टक्के आहे, आपल्या वरिष्ठ अनघा यांना कळवण्यात आले आहे. वहिनी, ती बॅग भरतेय. माझ्याकडे येतेय."

मी घाईघाईने सिस्टीम उघडली. तिथे माझं सगळं सासर ओळीने उभं होतं. शिरीष, 'वेळेचे नियोजन', पूर्ण. बाबा, 'फोर्कलिफ्ट सुरक्षितपणे चालवा', पूर्ण, शंभरपैकी शंभर. आई, लाल.

रिक्षा करून घरी आले. बॅग खरंच दारात होती. आई साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या.

"आई, ती चाचणी होती. तुम्हाला उद्देशून नव्हतं काही. कोर्स मशीनने वाटले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे."

"अस्सं," आई म्हणाल्या. "शिरीषला वेळेचा, यांना गाडीचा आणि मला बोलण्याचा. चिठ्ठ्या फार हुशार निघाल्या हो."

इथे मला हसू आलं. हसायला नको होतं. आईंनी बॅगेची चेन ओढली आणि त्यांचा आवाज जरासा हलला. "जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या मी. शून्य कोणाला दिलं नाही. निदान अक्षराचे तरी मार्क द्यायची."

आता माझं हसू पार गेलं. इतके दिवस त्यांची ती 'आपण, आपण' भाषा मी नेम समजून ऐकत होते आणि त्या बाई एकामागून एक मेल सोसत होत्या. मी लॅपटॉप उघडला. "आई, मी तुमचं नावच काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर."

"थांब." एकदम अनघाताईची अनघा झाले, तेव्हा बरं वाटलं. "शून्यावर नाव असताना काढायचं नाही. आधी उघड ते. बघू तरी काय शिकवताय."

बॅग दारातच राहिली. आई जेवणाच्या टेबलाशी बसल्या, चष्मा लावला. पहिल्याच पानावर थबकल्या.

"'आपल्या सहकाऱ्याला सक्रियपणे ऐका.' सक्रियपणे म्हणजे? हातवारे करत?"

"म्हणजे लक्ष देऊन."

"मग तसं लिहा ना. 'आपल्या भावनांची मालकी घ्या.' ही काय सदनिका आहे?"

बाबा आतून म्हणाले, "माझ्यातपण होतं तसं. 'भाराच्या केंद्राचा आदर करा.' मला कारखाना माहीत होता म्हणून कळलं."

आई शेवटच्या प्रश्नांपर्यंत आल्या. 'सहकाऱ्याकडून चूक झाल्यास आपण काय कराल?' खाली चार पर्याय. त्यांनी ते दोनदा वाचले. "योग्य उत्तर यात नाहीच."

"एक निवडावं लागतं, आई."

"चुकीचं उत्तर मी निवडणार नाही. चूक दाखवायची, ती कशी सुधारायची ते सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर केलं का ते बघायचं. यात कुठेय?"

शेवटी त्यांनी माझ्या समाधानासाठी एक निवडलं आणि नापास झाल्या. स्क्रीनवर हसरा चेहरा आला, 'काळजी करू नका, पुन्हा प्रयत्न करा.' आईंनी त्या चेहऱ्याकडे असं बघितलं की त्यांच्या वर्गात असता तर तो बाकावर उभा राहिला असता. मग खाली 'आपला अभिप्राय' नावाची चौकट होती, तिथे त्यांनी लिहायला सुरुवात केली. मी स्वयंपाकाला लागले. कुकरच्या शिट्ट्या संपल्या, कोशिंबीर झाली, तरी त्या लिहितच होत्या. बॅग मात्र बाबांनी गुपचूप आत नेऊन ठेवली.

मला वाटलं, सुटले. पण चाचणीतली नावं खऱ्या यादीत मिसळलेली होती, त्यामुळे तो अभिप्राय गेला थेट चाकणला, कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाच्या मुख्य बाईंकडे. दुसऱ्या दिवशी जोगळेकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम विचारतायत," सर हळूच म्हणाले, "या सुमतीबाई त्यांच्या कुठल्या खात्यात आहेत? त्यांना सापडत नाहीयेत."

मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला (शुद्धलेखन तपासून). म्हटलं, आता खरं ते सांगावं. "त्या... माझ्या सासूबाई आहेत."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"त्यांनी आमच्या कोर्समधलं प्रत्येक वाक्य दुरुस्त करून पाठवलंय," फोनमधून आवाज आला. "मी ते लाइनवरच्या काही जणांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, असं लिहिलं असतं तर कधीच संपवलं असतं, आम्हाला वाटायचं आपलंच डोकं चालत नाही. इतके दिवस कोणी बोललं नव्हतं हो. तुमच्या सासूबाई बाकीचे कोर्स तपासतील का?"

म्हणजे माणसं आळशी नव्हती. त्यांना मराठी कळत होतं, आमचं कळत नव्हतं. आणि त्यावर आम्ही उपाय काढला होता तो मेल कडक करण्याचा.

घरी येऊन मी आईंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "माझी प्रगती शून्य आहे ना?" असं दोन-तीनदा म्हणून झालं. मग कपाटातून नवा लाल पेन निघाला.

पहिल्या बैठकीला चाकणला आईंबरोबर बाबाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, शंभरपैकी शंभरचा कागद खिशात ठेवून. नोकरीभर त्यांनी फोर्कलिफ्ट लांबून बघितली होती, स्टोअरच्या कारकुनाने तिला हात लावायचा नसे. तिथल्या चालकाने कागद वाचला, गाडी बंद आहे याची खात्री केली आणि "बसा काका" म्हणाला. बाबा बसले. आधी पट्टा बांधला, मग आरसा सारखा केला. आम्ही फोटो काढेपर्यंत ते हलले नाहीत आणि काढल्यावरही बराच वेळ हलले नाहीत.

आता कोर्स आईंच्या मराठीत आहेत. स्क्रीनवरच्या लाल पट्ट्या एकेक करत हिरव्या होतायत. माझे कडक मेल बंद झाले, कारण त्यांची गरज पडेना. आईंची ऑफिसात आठवड्यातून एक फेरी असते. त्या आल्या की जोगळेकर सर उभे राहतात आणि आपलं इंग्रजी आवरतात. तिथे त्यांना सगळे 'मॅडम' म्हणतात.

मी त्या कंपनीत इतकी वर्षं काम करतेय, पण माझं नाव परवा प्रथमच साऱ्या ऑफिसला कळलं. नवीन आलेल्या मुलीने रिसेप्शनवर विचारलं, "ही सिस्टीम कोण बघतं?"

रिसेप्शनिस्टने मान वर न करता सांगितलं, "मॅडमांची सून."