हॉलवाल्यांची अट

हे आजवर तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी – पण कुठून सुरुवात करू?

इथे जपानमध्ये, फुनाबोरीत आम्ही काही पालक रविवारची मराठी शाळा चालवतो. हॉल भाड्याचा, समितीची अध्यक्ष मी. शाळा भरते ती गणपतीच्या प्रार्थनेनं. रेहानाताई आमच्याकडे शिकवायच्या. मूळच्या दापोलीच्या. एरवी जपानीत उत्तरं देणारी आमची पोरं त्यांच्यासमोर मराठीत भांडायची! म्हणून मुख्याध्यापिका पुण्याला परत निघाल्या, तेव्हा रेहानाताईंचं नाव मीच सुचवलं.

मग फोन सुरू झाले. उघड कुणी बोलेना. बाई चांगल्याच आहेत हो, पण प्रार्थना कोण घेणार? आपले संस्कार टिकावेत म्हणूनच शाळा काढली ना? आणि मी – मी काय केलं? ‘बघते’ म्हणाले.

बैठकीत भांडायचं धाडस नव्हतं. रविवारी शाळा सुटल्यावर रेहानाताईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, हॉलवाल्यांची अट आहे, मुख्याध्यापिकेला जपानी चांगलं यायला हवं. तोवर काम मीच सांभाळते.

अशी अट नव्हतीच. दोष जपान्यांवर ढकलला की कुणी दुखावणार नाही, असं वाटलं होतं का मला? वाटलं होतं.

त्यांनी ते खरं धरलं. कोन्बिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली नोकरी, घर, त्यात जपानीचा क्लास. शाळेत चहा पितानाही ओठातल्या ओठात शब्द घोकायच्या. मी समोर बसलेली असायचे. एकदाही थांबवलं नाही.

वर्षभरानं एका रविवारी त्या हसत आल्या. परीक्षा पास झाल्या होत्या.

“आता तरी हॉलवाल्यांची हरकत नसेल ना, ताई?”

तेव्हा तरी खरं सांगायचं – नाही? मी म्हणाले, अट बदललीय, आता त्यांना इथे कायमचं राहणारं माणूस हवंय. बोलतानाच चेहरा तापला.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “प्रार्थना मी घेतली असती, ताई. मला विचारायचं तरी.”

त्या दिवशीचा वर्ग त्यांनी पूर्ण घेतला. पुढच्या रविवारी आल्या नाहीत.

मुलं विचारतात, रेहाना सेन्सेई कधी येणार? मी सांगते, त्यांना आता लांब पडतं. त्या पुढच्याच स्टेशनजवळ राहतात.