कर्जाच्या बदल्यात बाकडी

लढाईच्या दिवसांत माझी एक सर्व्हिस मोटार होती, हिंगोली ते जवळा बाजार. माझी म्हणजे लोकांसमोर माझी. इंजिन आडत्याच्या पैशाचं, चाकं टायरवाल्याची, पेट्रोल पेट्रोलवाल्याच्या उधारीचं. भोंगा तेवढा माझा, आणि तो मी भरपूर वाजवायचो.

तिघांनी मिळून जप्तीची धमकी दिली तेव्हा माझं धाबं दणाणलं. मोटार गेली की गावभर हसू. म्हणून मीच तोड सुचवली: पुढची दोन बाकडी तुमची, मुद्दल फिटेपर्यंत व्याजाच्या बदल्यात फुकट बसा. तिघं एकमेकांकडे बघून लगेच हो म्हणाले. तिथंच मला शंका यायला हवी होती. माझा हिशेब असा, की ही तीन धष्टपुष्ट माणसं जाऊन जाऊन किती वेळा जवळा बाजारला जाणार?

ती एकदाही गेली नाहीत. बाजाराच्या दिवशी मोटारीपाशी उभी राहून आपल्या जागा अर्ध्या भाड्यात विकू लागली. लोक काय वेडे? माझी मागची बाकडी मोकळी आणि पुढे माणसावर माणूस. मी चिडलो, तर टायरवाला म्हणाला, "काहून तकलीफ करून घेता? जागा आमच्या. आमी बसू, न्हाई तर कोनाला बी बसवू."

बोलणं बरोबर होतं लेकाचं.

थोड्याच दिवसांत लढाईमुळं पेट्रोलवाल्यालाच रोख मोजल्याशिवाय पेट्रोल मिळेना, माझी उधारी बंद झाली, आणि रोख सगळी त्या तिघांच्या खिशात. मोटार थांबली, तशी त्यांची बाकडीही थांबली. तिघं धावत आले. आडत्या म्हणाला, "कर्ज सोडलं. मोटार आमची. चालवाय तुमीच, पगारावर." मी मान डोलावली. घरी येऊन मात्र रडलो, आणि आठवतील तेवढ्या शिव्या दिल्या.

पुढच्याच बाजाराला बायको माहेरी, जवळा बाजारला निघाली. नेहमीसारखी माझ्या शेजारी बसायला गेली, तर टायरवाला हात जोडून म्हणाला, "वैनी, बसा की. पन तिकीट लागंल." माझी कानशिलं तापली. तिनं कनवटीचे पैसे काढून पुरं भाडं दिलं आणि बसली.

औंढ्याच्या अलीकडे मोटार बंद पडली. मी सवयीनं सगळ्यांना ढकलायला उतरा म्हणालो. बाकीचे उतरले, ही जागची हलली नाही.

"अहो," ती म्हणाली, "इतके दिवस मालकीण म्हनून ढकलली. आता मी तिकीट काढलंय."