बाप्पापुढच्या केकचं लेबल

नानाकाकांनी केकचं खोकं पायाने टेबलाखाली सारलं.

हाताने नाही. पायाने. अंगावर रेशमी सोवळं, कपाळाला गंध. हातात आरतीचं तबक असतं तर समजले असते. दोन्ही हात मोकळे होते.

खोकं टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवलं होतं मी. त्यांनी सांगितलं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पहिल्यापासून मोठी शूर बाई.

२००६ सालचा गणपती. मिशिगनमधलं नोव्हाय. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. आमच्या मंडळाच्या गणपतीचं दहावं वर्ष होतं, म्हणून आरतीनंतर केक कापायचा होता. केक करून आणला होता मिस डेल्फीनने. ती दारातच उभी होती. साठीची, उंच, काळी बाई. चर्चला जाताना घालायचा निळा ड्रेस घातलेला. मोठा दिवस आहे असं मी सांगितलं होतं, म्हणून नटून आली होती.

तिच्यासमोर नानाकाका, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मला मराठीत म्हणाले, "ही कोण? हिच्या हातचा केक? अगं, बाप्पापुढे ठेवायचाय तो!"

"एगलेस आहे काका. तिने लिहून दिलंय."

"लिहून काय, कुणीही देतं. आणि साडेदहाला सांगितलं होतं. दहा चाळीस झालेत. दिस इज नॉट कस्टमर सर्व्हिस."

आरती साडेअकराला होती.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याकडे चालत असेल. इथे नाही चालायचं."

आणि पायाने सारलं.

मिस डेल्फीनने मला विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

मी म्हटलं, "ही सेज इट्स ब्यूटिफुल."

ती हसली. खोकं टेबलाखाली का गेलं, हे तिने विचारलं नाही. विचारायची गरज नसावी. मान हलवली आणि आपल्या व्हॅनकडे गेली. मी दार लावून घेतलं.

'तुमच्याकडे' म्हणजे काय, ते सांगते. मी नागपूरची. बौद्ध. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. चार वर्षं मंडळात कुणाला कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही. नवीन माणूस भेटला की आपले लोक आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" मी दुसऱ्या प्रश्नावरच विषय बदलायला शिकले होते. मग आई नागपूरहून राहायला आली. एका दुपारी मंडळाचा फोन तिने उचलला आणि घरी म्हणते तसं म्हणाली, "जय भीम." पलीकडे सुधाकाकू होत्या. नानाकाकांची बायको. आईने मला सांगितलं, "त्या बाई 'अस्सं' म्हणाल्या आन् ठेवला."

पुढच्या गणपतीला मी प्रसादाच्या कमिटीतून डेकोरेशनच्या कमिटीत गेले. कुणी काही बोललं नाही. "तुझा हात कसा कलात्मक आहे," एवढंच. त्याआधी तीन वर्षं माझा शिरा लोक वाडगे घासून खात होते.

केकचं काम मात्र मला दिलं. केक बाहेरून आणायची वस्तू. त्याला शिवाशिव नाही.

मी नोव्हायमधल्या बेकरीत गेले नाही, डेट्रॉइटला मिस डेल्फीनकडे गेले. माझ्या ऑफिसात तिचा केक यायचा, तो मला आवडायचा. तिच्या वस्तीतल्या कारखान्यांतून माणसं कमी होत होती, गिऱ्हाईक आटत होतं. चर्चच्या बायका दर रविवारी रांग लावायच्या, त्यावर दुकान तगून होतं. ती मला म्हणाली, तुमची किती कुटुंबं आहेत तिकडे? मी म्हटलं, तीनशे. तिने डोळे मिटले. तीनशे कुटुंबांतल्या मुलांचे वाढदिवस तिला दिसत होते. मंडळाने एकदा नाव घेतलं की झालं. आपले लोक एकमेकांना विचारूनच डॉक्टर, प्लंबर आणि भाजीवाला ठरवतात.

तिने बिनअंड्याचा केक कधी केला नव्हता. मंडळाची यादी मी तिच्यासमोर ठेवली. तीनदा चव द्या. भांडी नवी हवीत. कशात काय घातलं ते लिहून द्या. खाली सही करा. ती यादी नानाकाकांनी दिली होती, पण वाचून दाखवताना आवाज माझाच होता. वर मी स्वतःहून विचारलं, "किचन क्लीन असतं ना?" ज्या बाईच्या काउंटरवर डाग शोधून सापडला नसता, तिला. आणि विचारणारी कोण? जिच्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे ती.

मिस डेल्फीनने नवी भांडी माझ्यासमोर खोक्यातून काढली. दोन केक बसले, तिसरा फुगला. ताक आणि ऍपल सॉस. मी चव घेताना म्हणाली, "लोक मोठ्या दुकानाच्या दहा चुका पोटात घालतात. माझ्याकडे आले की परीक्षा घेतात. आमचे लोकही घेतात, तुमचेही." मी तोंड भरलेलं असल्यासारखं दाखवलं.

तर तो केक टेबलाखाली गेला. मग पळापळ झाली. कमिटीतले दोघे जण गाडी काढून जवळच्या मोठ्या ग्रोसरी स्टोअरमध्ये गेले आणि वीस मिनिटांत भलामोठा केक घेऊन आले. पांढरं क्रीम, लाल गुलाब. नानाकाकांनी विचारलं, "एगलेस आहे ना?"

"हो काका. काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, शुअर."

गोरी मुलगी. तिला यादी नाही. तीनदा चव नाही. नवी भांडी नाहीत. तिचा एक शब्द पुरला.

तो केक बाप्पापुढे ठेवला. नैवेद्याचं पाणी फिरवलं. आरती झाली, कापला, वाटला. सुधाकाकूंनी उपास त्यावरच सोडला. सगळे म्हणाले, मस्त आहे, सॉफ्ट आहे. सॉफ्ट असणारच.

जेवणानंतर हॉल आवरायचं काम डेकोरेशन कमिटीचं. केकचं प्लॅस्टिकचं झाकण कचऱ्यात टाकताना त्यावरचं लेबल दिसलं. मी वाचलं. परत वाचलं. मग सोलून काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. कुणाला काही बोलले नाही. का? भीती. अजून कुठलंही नाव देऊ शकते, पण ती भीतीच होती. टेबलाखालचं खोकं उचलून घरी नेलं. त्यावर मिस डेल्फीनने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं कार्ड चिकटवलेलं होतं. टेपसुद्धा सरळ रेषेत.

बुधवारी मंडळाच्या ग्रुपवर नानाकाकांची ईमेल आली. तीनशे घरांना. "सदर व्हेंडरची सर्व्हिस अत्यंत असमाधानकारक. डिलिव्हरी लेट. हायजीनबाबत शंका. सभासदांनी कृपया या बेकरीकडे ऑर्डर देऊ नये." खाली दुकानाचं नाव आणि पत्ता, कुणी चुकून जाऊ नये म्हणून.

चोराच्या उलट्या बोंबा. जो केक उघडलाच नाही, त्याची हायजीन!

मी फोन केला. "काका, एवढं नाव घेऊन लिहायला नको होतं. तिचं पोट आहे त्यावर. मागे घ्या ना."

"अगं, पर्सनली घेऊ नकोस. सर्व्हिसचा प्रश्न आहे. पैसे टाकतो तर क्वालिटी नको? आणि तू तरी त्या लोकांच्यात कशाला जातेस? आधीच..."

पुढे बोलले नाहीत. आधीच काय, ते मी पूर्ण केलं, मनात. फोन ठेवला, आणि या खेपेला भीती वाटली नाही. डोकं फिरलं होतं माझं. आयुष्यात पहिल्यांदा ते बरं वाटत होतं.

नवरा म्हणाला, "यार, सोड ना. इथेच राहायचंय आपल्याला." मी म्हटलं, "म्हणूनच."

पुढच्या रविवारी विसर्जन. आभारप्रदर्शन दरवर्षी डेकोरेशन कमिटीकडे असतं, कारण आभार मानायला सोवळं लागत नाही. माइक माझ्या हातात आला. समोर चारेकशे माणसं. मी ढोलवाल्यांचे आभार मानले. शाळेचे मानले. मग म्हटलं, "आता केकचे आभार राहिलेत. गेल्या रविवारी आपण बाप्पाला ज्याचा नैवेद्य दाखवला, त्याचं लेबल वाचते."

वाचलं. सावकाश, एकेक शब्द. "शुगर. व्हीट फ्लोअर. होल एग्ज. सोयबीन ऑइल. एग व्हाइट्स." आणि म्हटलं, "अंडी दोनदा आलीत. आधी आख्खी, मग नुसतं पांढरं."

हॉलमध्ये कुणीतरी "अय्या" म्हणालं. सुधाकाकूंनी पदर तोंडाशी नेला.

"आता दुसरं कार्ड वाचते. जो केक अध्यक्षांनी पायाने टेबलाखाली सारला, त्याचं. मैदा. साखर. ताक. ऍपल सॉस. सोडा. व्हॅनिला. खाली सही आहे. डेल्फीन. हिच्या हायजीनबद्दल तुम्हाला ईमेल आली."

मला मजा आली. खोटं कशाला बोलू? नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या चेहऱ्यांवरचा रंग उडताना बघून पोट भरल्यासारखं वाटलं.

नानाकाका उठले. समोरच्या रांगेतून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कचऱ्यात हात घालायची काही लोकांची सवय जात नाही."

कुणी हसलं नाही. कुणी त्यांना बसाही म्हणालं नाही.

मी माइक खाली ठेवला नाही. म्हटलं, "नाही जात काका. कचरा तुम्ही करता ना, उचलावा आम्हाला लागतो. मी नागपूरची. बौद्ध आहे. ज्यांना माहीत होतं त्यांनी मला प्रसादातून काढलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता कळलं. माझा शिरा तुम्ही तीन वर्षं खाल्लाय. पोटात गेलेला बाहेर काढता येत असेल तर काढा."

आणि मग खाली उतरले. मागच्या रांगेतली एक पुण्याची मुलगी माझ्याकडे पाहून मान हलवत होती, पण खुर्चीतून उठली नाही. बाकीचे मूर्तीकडे बघत होते. विसर्जनाआधी मूर्तीवर दुधाचा अभिषेक झाला. दोन गॅलन आणले होते, तेसुद्धा त्याच स्टोअरमधून. बाप्पा शुद्ध झाला. रात्री ग्रुपवर ईमेल आली: "अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल मंडळ श्रींची क्षमा मागत आहे."

श्रींची.

दुसऱ्या दिवशी मी मिस डेल्फीनकडे गेले. दुकानात गर्दी होती. तिला सगळं सांगितलं. पाय, ईमेल, लेबल, अभिषेक. नानाकाका तिच्यासमोर काय म्हणाले होते आणि मी तिला काय सांगितलं होतं, तेही. ती काउंटर पुसत ऐकत होती.

"सो दे आर सॉरी अबाउट द एग," ती म्हणाली. "अँड अबाउट मी?"

पुसायचं थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"अँड यू. यू टोल्ड मी ही लाइक्ड इट."

"आय ऍम सॉरी," मी म्हटलं.

तिने फडकं घडी करून ठेवलं. म्हणाली, "देअर इज अ लाइन बिहाइंड यू, हनी."

मी बाजूला झाले. तिने मागच्या बाईची ऑर्डर घेतली. मला माफ केलं नाही, आणि का करावं? मी तिच्या बाजूने बोलले खरी, पण आठवडा उलटल्यावर, आणि तेही आग माझ्या पदराला लागली तेव्हा. रांग संपेपर्यंत मी थांबले. मग यादीशिवाय, प्रश्नाशिवाय एक केक मागितला. चौदा एप्रिलला आमची वीस-पंचवीस घरं एकत्र जमतात, तेव्हापासून तिथे तिचाच केक असतो. उपकार नाही. तिचा केक चांगला असतो.

लोकांना वाटलं मी मंडळ सोडणार. नानाकाकांना तर खात्री होती. मी सोडलं नाही. वर्गणी वेळेवर भरते. वर्षातून दोनदा सभा होते, दोन्ही वेळा पहिल्या रांगेत बसते आणि एक ठराव मांडते. मंडळाने मिस डेल्फीनची लेखी माफी मागावी, अध्यक्षाच्या सहीने, त्याच तीनशे घरांना ईमेल करून, आणि ती माफी तिच्या दुकानात जाऊन, रांगेत उभं राहून तिच्या हातात द्यावी. आतापर्यंत चारदा मांडला. पहिल्या वेळी अनुमोदन द्यायला कुणी नव्हतं. चौथ्या वेळी मागच्या रांगेतली ती पुण्याची मुलगी उठली. ठराव पडला. नानाकाका आता अध्यक्ष नाहीत. नवे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, दोन वर्षं झाली. आता तरी मोठ्या मनाने..."

मोठं मन मी खूप वापरलं. माझ्या आईने वापरलं, आजीने वापरलं. आता ते शिल्लक नाही, आणि मला ते परत नकोय. मी या लोकांना एकही सभा सुखाने घेऊ देणार नाही. ते म्हातारे होतील, मीही होईन. अजेंड्यावरचा शेवटचा विषय संपेल, लोक जेवणाकडे बघायला लागतील, तेव्हा मी हात वर करणार, आणि तिचं नाव घेणार.