डब्यात कोंडलेला जिरगा

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई आणि आबा आमच्या आजऱ्याकडच्या गावाहून बंगळूरला आले, तेव्हा कपड्यांच्या पिशव्या आईच्या हातात होत्या आणि आबांच्या खांद्यावर भाताच्या बियाण्याचं पोतं.

"बंद घरात बी ठेवायचं नसतंय," एवढंच ते म्हणाले.

आमच्याकडची रीतच ती. घराला कुलूप लागणार असेल तर देव शेजारी नेऊन ठेवतात, म्हैस भावकीत बांधतात, पण बियाणं कुणाच्या हवाली करत नाहीत. ते माणसांबरोबर राहतं.

ते जिरग्याचं बी होतं. बारीक दाण्याचा, वासाचा भात. गावानं एव्हाना जास्त उताऱ्याच्या नव्या जाती धरल्या होत्या, जिरगा उरला होता तो फक्त आमच्या वाफ्यात. त्यातही आदल्या वर्षी कणगीत दाणे पोखरणारं पाखरू लागलं आणि निम्मं बी आतून पोकळ झालं. उरलेल्यातून आबांनी हे एवढं वाढवलं होतं. आता हे गेलं असतं तर मागायला गावात दुसरं दार नव्हतं.

आम्ही मल्लेश्वरमला भाड्यानं राहत होतो. मी एका संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टेकलेलं बघून मी म्हटलं, "आबा, हे मी हवाबंद डब्यात भरते. हवाच मिळाली नाही तर पाखरू जगणार नाही."

"आन् बी जगंल?"

"बी झोपलेलं असतं. झोपेत त्याला कितीशी हवा लागते?"

"झोपलेल्या माणसाचं नाक दाबून बघ एकदा."

"ह्यांचंच दाब," आई म्हणाली. "घोरणं तरी थांबंल."

आबांना पटलं नव्हतंच. पण पोत्यातून एक बारकं पाखरू भिरभिरत ट्यूबलाइटपाशी गेलं, तिकडं त्यांनी मान वर करून बघितलं. "कर तुझ्या मनासारखं. शिकलीयास तू," म्हणाले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांनाच ठाऊक.

माझ्या नवऱ्यानं कारखान्याच्या कँटीनमधून तेलाचे रिकामे डबे आणले. ते सोड्यानं धुऊन कोरडे केले. बी गच्चीवर पसरून उन्हं दाखवली. घरमालकीण अक्का येता-जाता कानडी हेलात विचारायच्या, "भत्त? इथं? बंगळूरात?" आणि हसत कावळे हाकलायच्या. बी पुरतं वाळल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ओलं बी कोंडलं की कुजतंच. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार केलं, काचेच्या बाटलीत मूठभर बियांबरोबर घालून हलवलं. मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे. पहिल्या वेळी चिकटलं. बी पुन्हा गच्चीवर. मग एकदा मीठ सुटं, खडखडीत राहिलं, तेव्हा डबे काठोकाठ भरले, आत हवेला जागाच ठेवली नाही, आणि झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतलं.

आईचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा आला. आबा मात्र रोज डब्यांवर तळहात ठेवून उभे राहायचे, आत कुणी तापानं फणफणलंय असं. एकदा त्यांच्या हातात चमचा दिसला.

"आबा, झाकण उघडायचं नाही."

"उघडत कुठं हाय? बसलंय का घट्ट, बघतोय."

वळवाचे पाऊस सुरू झाले आणि परतायचे दिवस आले. रोहिणीला पेरा करायचा, त्याआधी बी उगवतंय का ते बघायलाच हवं. एक डबा फोडला. पाखरू नव्हतं, जाळी नव्हती, वास स्वच्छ. मी मनातल्या मनात जिंकलेच होते. मूठभर बी रात्रभर भिजवलं, फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली.

गावी जेवढ्या वेळात कोंब फुटतो तेवढा वेळ झाला. काही नाही. आणखी एक दिवस गेला. तरी दाणे जसेच्या तसे, थंडगार. आबांनी पुरचुंडी सोडली, बघितली, पुन्हा बांधली.

"कोंडून मेलं," म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी ताटातली भाकरी त्यांनी नुसती मोडून ठेवली.

आई म्हणाली, "अवो, खावा की. लेकीनं मुद्दाम केलंय व्हय?"

"मी काय बोललो का तिला?"

मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. डोकं चालत नव्हतं. उसळ तरी करावी म्हणून मटकीचं फडकं सोडलं. आबांच्या बियाबरोबरच भिजत घातलेली मटकी. तिलाही मोड नव्हते! दाणे फुगलेले, पण टोक कुठं नाही.

मी तशीच थांबले. ही मटकी बाजारातली, सुट्या पिशवीतली. ती तर कुठल्या डब्यात कोंडली नव्हती.

"आबा! बी मेलेलं नाही. गारठलंय!"

इकडं आलेल्या आम्हा सगळ्या बायकांचं हे जुनंच रडगाणं, की बंगळूरात मटकीला मोड लवकर येत नाहीत. त्यातून आमचं घर तळमजल्याचं, झाडांच्या सावलीतलं, बाहेर पाऊस. गावी पुरचुंडी उबदार गवतात खुपसतात. मी ती फरशीवर ठेवली होती.

पोळ्यांचा कॅसरोल घेतला. तळाशी कोमट पाण्याची वाटी, वर चाळणी, चाळणीत पुरचुंडी, झाकण घट्ट. वाटीतलं पाणी गार झालं की बदलत राहिले.

आबा म्हणाले, "पुन्हा डब्यातच?"

"उघडून बघत जाईन, आबा. ह्याला हवा लागते. आता ते जागं होतंय."

दुसऱ्या दिवशी संस्थेतून घरी आले तर आई दारातच, काळ्या चष्म्यात. "जा, बघ जा. मला तर चाळणीत सगळं पांढरं पांढरंच दिसतंय."

चाळणीतल्या जवळजवळ प्रत्येक दाण्याला टोक फुटलं होतं. आबा एकेक उचलून आईच्या तळहातावर ठेवत होते. "हा बघ. हाबी बघ. एखाददुसरा सोडला तर समदं जित्तं हाय गं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढल्या वर्साला डबं जास्त लागतील. जावईबापूस्नी सांगून ठेव."

पर्स खांद्याला तशीच, मी फरशीवर बसले.

आबा पाय धुऊन दिवाणावर जरा टेकले आणि बोलता बोलता झोपले. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. मी शिट्टीचा कुकर तसाच ठेवला आणि साध्या पातेल्यात भात टाकला.